पारंपरिक नव्हे, न्हानू मास्तरांची

मेल्यावर तरी माणसाचं नाव धड घ्यावं, एवढीच माझी अपेक्षा होती. डिचोलीत न्हानू मास्तरांची शोकसभा होती. फोटोला झेंडूचा हार, डोक्यावर करकरणारे पंखे, आणि माईकवर एक निवेदक तोंडात साखर घोळवत बोलत होता. "आपले लाडके कोल्हापूरकर मास्तर," तो म्हणाला. इथेच माझं डोकं तडकलं. मास्तर पेडण्यातल्या पार्सेचे. पार्सेत जन्मले, पार्सेतच वारले, आडनाव तळकर. पण तेही मी गिळलं असतं. पुढे तो म्हणाला, "मास्तरांना आता आपल्या गोव्याच्या पारंपरिक घुमट आरतीनं श्रद्धांजली वाहू या." आणि पथकानं जी आरती धरली तिची चाल कुणाची? मास्तरांची! त्यांनी स्वतः बांधलेली, कोल्हापुरात, एका सिनेमासाठी. माणसाला हार घालून समोर बसवायचं, त्याचीच वस्तू त्याला वाहायची, आणि वर सांगायचं की ही आमच्या वाडवडिलांची.

मी उभी राहिले. "ही चाल न्हानू तळकरांची आहे," असं चांगलं मोठ्यानं म्हटलं. निवेदक हसला. म्हणाला, बाई, तुमच्या भावना कळतात, आपण नंतर बोलू. नंतर कोण बोलतंय? चहा आला, सामोसे आले, लोक चपला शोधायला लागले. मी गणिताची बाई. सगळी नोकरी मुलांना एकच सांगण्यात गेली की उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या दाखवा, नाहीतर गुण मिळणार नाहीत. तर आता मीच पायऱ्या दाखवते. ज्यांना गुण द्यायचे नसतील त्यांनी देऊ नयेत.

न्हानू मास्तर कोल्हापूरला गेले तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. म्हणजे तेरेखोल नदी ओलांडली की हा पार्सेचा मुलगा परदेशी. वडील देवळात सनई वाजवायचे, घरात घुमट होतं, आणि घुमटाच्या पलीकडे ह्याला काही दिसत नव्हतं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. ते काखेत मारून हा निघाला. कोल्हापुरात सिनेमे बनतात, सिनेमात वाजवणारे लागतात, एवढीच माहिती. पलीकडच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. त्या काळी गोव्यातून सोनं चोरून जायचं, त्यामुळे मडकं बघून त्यांचे डोळे चमकले. "वाजव म्हणाले असते तर वाजवून दाखवलं असतं," मास्तर सांगायचे. पण त्यांनी कातडं फाडलं आणि आत हात घातला. आत काय असणार, पार्सेची हवा. फाटकं घुमट घेऊनच मास्तर कोल्हापुरात उतरले.

तिथे त्यांनी त्यावर बकऱ्याचं कातडं चढवलं. त्या वेळी आमच्याकडे घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. बकऱ्याच्या कातड्यानं आवाज खाली बसला, जरा जाड झाला, रडून झाल्यावर माणूस बोलतो तसा. तोच आवाज पुढे त्या सिनेमात आला. आता घोरपडीवर बंदी आहे, सगळेच बकऱ्याचं लावतात आणि त्यालाही पारंपरिक म्हणतात. म्हणोत बापडे.

कोल्हापुरात मास्तर एका मोठ्या संगीतकाराच्या हाताखाली लागले. नाव घेत नाही, कारण त्यांचं नाव पोस्टरवर पुरेसं मोठं छापलेलं असायचं. मास्तर त्यांना 'साहेब' म्हणत, शेवटपर्यंत. साहेब गाण्याची एक ओळ गुणगुणायचे आणि जेवायला जायचे. बाकीचं कडवं, मधले वाद्यांचे तुकडे, आणि सिनेमाभर मागून वाजणारं सगळं संगीत मास्तरांनी करायचं. पुढेपुढे तर ती पहिली ओळही साहेब मास्तरांनाच गुणगुणायला लावत. आवाज नसलेली रिळं भिंतीवर चालवायची आणि मास्तर समोर बसून म्हणायचे, "परत." ऑपरेटर कंटाळायचा. पुन्हा "परत." पडद्यावरचा माणूस बोलायचा थांबला की माझी नोकरी सुरू, असं ते म्हणत. आठ-दहा सिनेमे असे झाले. काळे-पांढरे, ज्यांना आज लोक जुनं सोनं म्हणतात आणि रविवारी दुपारी टीव्हीवर बघतात.

आता त्या चालीकडे येते. सिनेमात एक प्रसंग आहे. नवी नवरी नवऱ्याबरोबर परमुलखात निघाली आहे. नदीकाठावर होडी लागली आहे. ती एक पाय होडीत टाकते आणि मागे वळून बघते. काठावर तिची आई. साहेबांनी इथे मोठा वाद्यमेळ सांगितला होता, भरपूर व्हायोलिनं, लोकांनी रुमाल काढले पाहिजेत म्हणून. मास्तरांनी साधी चाल बांधली, आमच्याकडे देवळात म्हणतात त्या वळणाची, खाली ते घुमट. आणि शेवटच्या ओळीआधी, ती वळून बघते तिथे, सगळं बंद. एक अख्खं आवर्तन काही वाजत नाही. फक्त पाणी. मग घुमट पुन्हा सुरू आणि होडी निघते. साहेब भडकले, म्हणाले लोकांना वाटेल सिनेमा बिघडला. मास्तर हटले नाहीत. हे असं का, मी एकदा विचारलं होतं. मास्तर त्यांच्या पेडण्याच्या बोलीत म्हणाले, "मी गेलंय तेन्ना आवय कायच बोलली ना, गो." तेरेखोलच्या काठावर त्यांची आई उभी होती आणि एक शब्द बोलली नाही. तेवढंच त्यांनी सिनेमात घातलं.

सिनेमा चालला, तुफान चालला. पाटीवर साहेबांचं नाव आलं, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात, 'साहाय्य: गोवेकर'. गोवेकर कोण? गोव्यात काय एकच माणूस राहतो? मास्तरांनी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, अरे, तू परदेशी माणूस, पाटीवर पूर्ण नाव टाकलं तर पोलीस दारात यायचे, तुझ्याच भल्यासाठी. मास्तरांना ते पटलं. मग गोवा मुक्त झाला. आता तर हे परदेशी नव्हते. तेव्हा साहेबांनी काय सांगावं? आता लोकांना ह्या पाटीची सवय झाली, मध्येच नवीन नाव कशाला! असा हा न्याय. आधी सरहद्द आडवी आली, सरहद्द गेली तर सवय आडवी आली.

आणि मुक्तीनंतर तो सिनेमा म्हापशाला लागला. पेडणे, डिचोली, अख्खे तालुके ट्रकात बसून बघायला गेले. पुढच्या चवथीला कुठल्याशा आरतीच्या पथकानं त्या चालीवर गणपतीची आरती बसवली. आमच्याकडे हे नवीन नाही. चाल आवडली की लोक ती देवाला वाहतात, आणि त्यात वाईटही काही नाही. पण त्या मधल्या गप्प जागेचं काय करायचं ते त्यांना कळेना. आरतीत कोण गप्प बसतो? मग तिथे त्यांनी कासाळी घातली. कासाळी म्हणजे जाड झांजा, तीन घरं पलीकडे ऐकू जाणाऱ्या. नवरी जिथे आईकडे वळून बघते, तिथे खणखणाट. एका पिढीत ती चाल सिनेमातली हे लोक विसरले, आरती राहिली.

स्टुडिओ बंद पडत गेले तसे मास्तर परत आले. आमच्या डिचोलीच्या शाळेत संगीत शिकवायला तात्पुरते म्हणून लागले आणि तात्पुरतेच निवृत्त झाले. आमच्या शेजारच्या खोलीत बिऱ्हाड केलं. एवढी वर्षं तिकडे काढल्यानं बोलण्यात कोल्हापूर शिरलेलं, म्हणून पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत नाव पडलं, कोल्हापूरकर मास्तर. एका सहकाऱ्यानं तर हसत म्हटलं होतं, आता घाटी येऊन आमकां घुमट शिकवणार. ह्या शब्दाची मला चीड आहे. खाणीवर राबायला घाटी चालतो, घराचा चिरा उचलायला घाटी चालतो, आणि तोंड उघडलं की तो घाटी. इथे तर माणूस आपल्याच मातीतला. तिकडे गोवेकर, इकडे कोल्हापूरकर, आणि नाव कुठेच नाही.

मास्तरांची एक गंमत होती. रागावले की कोल्हापुरी, खूश झाले की पेडण्याची बोली. मुलांना हे पाठ झालं होतं. "आरं, काय लेका, हातात जीव हाय का न्हाय?" असं सुरू झालं की मुलं सावरून बसायची. आणि वर्षाकाठी कधीतरी, अगदी हळू, "बरां जालां." ज्याला ते मिळालं तो घरी जाऊन सांगायचा. मला ते फार वेळा मिळालं नाही. माझा सूर रिक्षेसारखा आहे असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी शाळेच्या प्रार्थनेनंतर सर्वांसमोर सांगितलं होतं.

सकाळी पोदेर सायकलवरून उंडे घेऊन यायचा, भोंगा वाजवत. उंडे म्हणजे गोल पाव, पोदेर म्हणजे आमचा पाववाला. त्याचा भोंगा फाटला आणि त्यातून बेडकासारखा आवाज निघू लागला तेव्हा मास्तरांनी त्याच्याकडून उंडे घेणं बंद केलं. म्हणे सकाळचा पहिला आवाज असला तर दिवस नासतो. रोज चहात चपाती बुडवून खायचे आणि तोंड वाकडं करायचे, पण माघार नाही. शेवटी पोदेरानंच कंटाळून नवीन भोंगा बसवला. त्या दिवशी मास्तरांनी उंड्यांची अख्खी टोपली घेतली आणि आम्हा सगळ्या शेजाऱ्यांना वाटलं.

टीव्हीवर त्यांचा एखादा सिनेमा लागला की ते आमच्याकडे यायचे, आणि टीव्हीकडे पाठ करून बसायचे. माझ्या सासूबाईंना वाटलं, म्हातारा फिरला. पण त्यांना चित्र नको असायचं, ते सगळं तोंडपाठ होतं. पाट्या सुरू झाल्या की मात्र विचारायचे, "आली?" मी म्हणायचे, आली, गोवेकर. ते मान हलवायचे. दर वेळी विचारायचे, जणू कुणीतरी मध्येच बदलून ठेवली असेल. ह्या माणसाला मानधन नको होतं, शाल नको होती. ती चाल सुरू व्हायच्या आधी कुणीतरी म्हणावं, ही न्हानू तळकरांची. एवढंच, एवढंच हवं होतं!

आता ती स्पर्धा. चवथीच्या आधी डिचोलीत घुमट आरतीची स्पर्धा होती आणि निवृत्त होऊनही मास्तरांनी आमच्या शाळेच्या मुलींचं पथक उतरवलं. एक आरती ठरावीक 'पारंपरिक' चालीत म्हणायची, असा नियम. चाल कुठली, ते सांगायला नको. आधीच्या सगळ्या पथकांनी कासाळी खणखणवली. आमच्या मुली आल्या, सुरेख वाजवलं, आणि शेवटच्या ओळीआधी थांबल्या. सगळ्या. अख्ख्या मंडपात एक आवर्तनभर काही नाही. कुणीतरी मागून ओरडलं, विसरली गो! लोक हसले. मुली मास्तरांकडे बघत राहिल्या, वेळ झाल्यावर घुमट पुन्हा घेतलं, बिनचूक संपवलं. निकालात आमचा नंबर शेवटचा. परीक्षकांनी माईकवरून सांगितलं, कोल्हापूरकर मास्तरांबद्दल आदर आहे, पण आपल्या परंपरेशी असे खेळ करू नयेत, बाहेरचे प्रयोग बाहेर ठीक.

मी तडक त्या परीक्षकांकडे गेले. सुशिक्षित गृहस्थ, गावोगावच्या लोककलांवर बोलत फिरणारे. मी मोबाईलवर तो सिनेमा काढला, होडीचा प्रसंग लावला आणि त्यांच्या कानाला धरला. म्हटलं, ऐका, ही मूळ चाल, हा बांधणारा माणूस तिथे खुर्चीत बसलाय. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. डोळे मोठे झाले. मला वाटलं, पटलं. तर म्हणतात कसे, "अरेरे, म्हणजे आमची आरती ह्या सिनेमावाल्यांनी तेव्हाच चोरली होती!" मी गारच पडले. आयुष्यभर लुबाडलेल्या माणसालाच चोर ठरवून मोकळे. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत, मास्तरांजवळ जाऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, झालं ते झालं, तुम्ही तरी काय करणार, साहेबानं सांगितलं असेल.

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कोल्हापुरी सुटणार, आणि मनातून मी वाट बघत होते. पण ते मुलींकडे वळले. त्यांची घुमटं एकेक उचलून टेम्पोत ठेवली, खाली फडकी घालून, कातडं वर. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो. घरी येताना मी बडबडत होते आणि ते खिडकीतून बाहेर बघत होते. पुढे ते पार्सेला पुतण्याकडे राहायला गेले. जाताना पोदेराला सांगून गेले, भोंगा सांभाळ.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते पार्सेत, चवथीच्या दुसऱ्या दिवशी. पाय गेले होते. गणपतीसमोर, माटोळीच्या फळा-पानांच्या छताखाली, त्यांना आरामखुर्चीत आणून ठेवलं होतं. मी नेवऱ्यो, म्हणजे आमच्या करंज्या, घेऊन गेले होते. हाताला मांस राहिलं नव्हतं, पण डोळे तसेच, रागीट. घरोघर आरत्या म्हणत फिरणारं वाड्यावरचं पथक येणार होतं. मी म्हटलं, मास्तर, ह्या वेळी सांगू का त्यांना? मला वाटलं, म्हणतील जाऊ दे. बहुतेक म्हातारे असंच म्हणतात, आणि लोक त्यांना थोर म्हणतात. मास्तर म्हणाले, "सांग. आत्ताच सांग. मेल्यावर काय कानात येऊन सांगतीस?"

पथक आलं. पुढारी सुहास म्हणून, सुताराचं काम करणारा, चांगला मुलगा. मी सांगितलं, ही चाल ह्या मास्तरांनी केलेली. सगळे हसले, वाईट नाही, आजारी माणसाचं मन राखायला हसतात तसे. सुहास खुर्चीजवळ वाकून म्हणाला, मास्तर, आमचो आजोय हीच चाल म्हणी.

"तुझ्या आज्यानं सिनिमा बघून उचलली, लेका," मास्तर म्हणाले. "वाजवा आता."

आरती सुरू झाली. घर लहान, घुमटं पाच-सहा, भिंतीसुद्धा थरथरायला लागल्या. मास्तर डोळे मिटून होते. शेवटच्या ओळीच्या जरा आधी त्यांनी डोळे उघडले आणि तो वाळका हात एकदम वर केला, तळवा समोर. सुहास थांबला. त्याला बघून बाकीचे थांबले, कासाळीवाल्याचे हात अधांतरी राहिले. कुणाला कळेना काय झालं. पुतण्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मास्तरांना काही झालं. मास्तर कुणाकडेच बघत नव्हते. हात वरच होता. पूर्ण आवर्तन भरलं, आणि हात खाली आला. सुहासनं घुमट घेतलं, ओळ संपली.

गंध-प्रसाद झाला. सुहास घाम पुसत म्हणाला, "मास्तर, हंय थांबूचा आसता?"

"हितं थांबायचंच असतंय," मास्तर म्हणाले. "मीच थांबवलंय तिला."

तिला म्हणजे कुणाला, हे सुहासला कुठून कळणार? तो मान डोलवून पाया पडला आणि पथक पुढच्या घरी गेलं. मी खुर्चीजवळ पाट घेऊन बसले. थोड्या वेळानं शेजारच्या घरातून तीच आरती सुरू झाली. मास्तरांनी बोलू नकोस म्हणून खूण केली. दोघंही ऐकत होतो. ती जागा आली आणि कासाळी खणखणली, नेहमीसारखीच, सगळं पथक जोरात. माझ्या तोंडात शिवी आली, गणपतीसमोर गिळली. मास्तर रागावले नाहीत. मान जरा तिरकी करून ऐकत राहिले, आरती संपेपर्यंत.

मग माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "एक घुमट थांबलां गो, बाय."